नवऱ्याच्या जागी पाहिलेले पिचर

माझ्या नवऱ्याची जागा घेईल असा माणूस शोधायला मी एकाच महिन्यात तिघांना घरी बोलावलं. तिन्ही वेळा पोहे नवऱ्यानेच केले.

जागा बेसबॉलच्या टीममधली होती. पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्याची. बाकी जागांवर त्याला बदलण्याचा माझा विचार नव्हता, तेवढी शोधाशोध करायला मला वेळही नाही.

दुबईत राहून बेसबॉल कसा काय, असं भारतातले नातेवाईक अजून विचारतात. त्यात काही मोठी गोष्ट नाही. खानदेशात आमच्या शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचे, म्हणून मी सॉफ्टबॉल खेळले. कबड्डी शिकवली असती तर कबड्डी खेळले असते. लग्नानंतर इथे आलो, कुसैसला मसाले दळून विकायचा धंदा टाकला, मुलगी झाली, आणि एकदा मंडळाच्या सहलीला आणखी चारपाच जण निघाले ज्यांनी गावाकडे सॉफ्टबॉल खेळला होता. सॉफ्टबॉलची लीग इथे नव्हती, बेसबॉलची होती. बॉल लहान, टाकायची पद्धत वेगळी, बाकी भाऊबंदच. टीम झाली. मी मॅनेजर झाले, कारण फोन उचलणारी मी एकटीच होते.

पहिल्या वर्षी पिचर व्हायला कुणी तयार होईना. नवरा म्हणाला, "कुणीच नसेल तर मी टाकतो." तो त्याआधी गल्लीत क्रिकेट खेळलेला, तेही स्लो बोलर. तेव्हापासून तोच टाकतो. त्याचा बॉल होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटर उभा असतो तिथपर्यंत, पोहोचतो, पण सावकाश. आमचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल पकडणारा, कुसैसच्या वर्कशॉपमधला वेल्डर, एकदा म्हणाला होता, "वहिनी, दादांचा बॉल निघाला की मी हेल्मेट काढून घाम पुसून घेतो." त्या वर्षी हे सगळ्यांना गमतीचं वाटलं. गेल्या दोन वर्षांत वाटेनासं झालं, कारण समोरचे बॅटर तो बॉल मैदानाच्या भिंतीपलीकडे मारायला लागले.

तर ह्या सप्टेंबरात मी ठरवलं, पिचर बदलायचा.

आमच्या लीगमध्ये ज्यांना टीम नसते ते सप्टेंबरात आपलं नाव देतात. त्यांना फ्री एजंट म्हणतात. नाव भारदस्त आहे, माणसं साधी असतात. कुणाची टीम मोडलेली, कुणाची अबू धाबीहून बदली झालेली, कुणाचं कॅप्टनशी वाजलेलं. ऑक्टोबरात सामने सुरू होतात, तोपर्यंत ज्या टीमने पटवला त्या टीमचा. दुसऱ्या टीमा त्यांना मैदानावर बोलावतात, बॉल टाकायला लावतात आणि हात मिळवतात. आम्ही बॉल तर बघतोच, पण रविवारी सकाळी घरी पोह्यांनाही बोलावतो. माणूस हरल्यावर कुणाला दोष देतो, वेळेवर येतो का, दुसऱ्याला बोलू देतो का, हे त्याला सोफ्यावर बसवल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे लग्नं ह्याच रीतीने ठरतात आणि बरीचशी टिकतात. टीममधले दोन वडीलधारे, एक अकाउंटंट आणि एक साइट इंजिनियर, समोर बसतात आणि मान हलवतात.

पोहे माझ्या हातचे कोरडे होतात हे घरात सगळ्यांना मान्य आहे. म्हणून ते नवऱ्याने केले. मुलगी ओट्याला टेकून बघत होती. ती सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्लिशमध्ये देते. म्हणाली, "यू आर फायरिंग पप्पा, अँड ही इज कुकिंग फॉर इट?"

"फायरिंग नाही," मी म्हटलं. "त्यांना पहिल्या बेसचा कोच करणार आहे."

"म्हणजे तिथे उभं राहून हात हलवायचे," नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला. "पळ, थांब, पळ. ट्रॅफिक पोलीस."

पहिला आला तो अमेरिकेत शिकलेला. मरीनाला राहायचा, एका मोठ्या कंपनीत सेल्सला होता, आणि बूट घरात काढावे लागतील ह्याची त्याला कल्पना नव्हती. मैदानावर त्याने बॉल छान टाकला होता. सोफ्यावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मॅम, टीमचं व्हिजन काय आहे?"

आमच्या अकाउंटंटने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जिंकायचं."

"ते आउटकम झालं सर. मी व्हिजन विचारतोय."

"वरच्या गटात राहायचं," साइट इंजिनियर म्हणाला.

त्याने अटी सांगितल्या. ऊन उतरल्याशिवाय खेळणार नाही. ठरावीक बॉल झाले की आपला हात आपण थांबवणार, मग सामना कुठेही असो. प्रत्येक सामन्याचं व्हिडिओ शूटिंग व्हावं आणि सोमवारी त्यावर ऑनलाइन मीटिंग. नवरा आतून पोह्यांची दुसरी ताटली घेऊन आला आणि म्हणाला, "मीटिंगला मी नसलो तर चालेल ना? सोमवारी शारजाची डिलिव्हरी असते." त्याने प्रामाणिकपणे विचारलं होतं. पाहुण्याने उत्तर दिलं नाही, कारण तो त्याला स्वयंपाकी समजला होता.

जाताना म्हणाला, "आय विल सर्कल बॅक." आला नाही. दुसऱ्या टीमला मिळाला. मी दोन दिवस चडफडले. डिसेंबरपर्यंत त्या टीमचे व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप झाले, एक त्याच्या मीटिंगला बसणाऱ्यांचा आणि एक न बसणाऱ्यांचा. मग दोन्ही ग्रुपांनी आम्हीच खरी टीम असं लीगला कळवलं, आणि मैदानावर एकाही टीमची माणसं पुरेनात.

दुसरा आईला घेऊन आला. आई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, आणि त्याला एकट्याने कुठे पाठवायची त्यांची पद्धत नव्हती. मुलगा सव्वीस-सत्तावीसचा, बँकेत होता, उंच, खांदे चांगले. सगळं आईच बोलल्या. सामन्यानंतर पार्टी होते का. त्यात काय काय असतं. मैदानावर वाळू आहे, त्याला धुळीचा त्रास आहे. परत येताना गाडी कोण चालवतं. आम्ही पाहायला बोलावलं होतं आणि आम्हालाच पाहून चालल्या होत्या. अकाउंटंट सरळ बसला. मीसुद्धा पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "आत्ता बॉल कोण टाकतं?"

"मी," नवरा म्हणाला. चहाचा ट्रे त्याच्या हातात होता.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे मिस्टर पिचर आणि मिसेस मॅनेजर. सगळं घरचंच दिसतंय. मग आमच्या मुलाला कोण पुढे येऊ देणार?"

मी म्हटलं, "अहो, त्यांना बाकावर बसवण्यासाठीच तर तुम्हाला बोलावलंय."

"नवऱ्याला बसवणार?" त्या म्हणाल्या. "असल्या घरात नको गं बाई."

आणि उठल्या. इंटरनॅशनल सिटीच्या पलीकडल्या एका टीमने त्या मुलाला घेतलं, आणि त्याच्याबरोबर त्याही आल्या. प्रत्येक सामन्याला जाळीच्या मागे खुर्ची टाकून बसायच्या. फिलिपिनो अंपायरला "अहो भाऊ, नीट बघा जरा" असं मराठीत सांगायच्या आणि अर्ध्या तासाने त्यालाच लिंबू सरबत पाजायच्या. मुलगा बॉल टाकायच्या आधी जाळीकडे बघायचा. आईंनी मान हलवली की टाकायचा. समोरच्या टीमांना ते दुसऱ्याच सामन्यात कळलं आणि त्या आईंकडे बघून बॅट उचलू लागल्या.

हे पुढचं. त्या दिवशी मात्र मला त्यांचं बोलणं लागलं. सगळं घरचंच. टीममधले कुणी असं म्हणत नव्हते, पण मनात नसेल कशावरून? रात्रीच्या भांड्यांना मी हात लावला तेव्हा नवरा पुसायला उभा होता.

"तुला बसवायचं तर बसव," तो म्हणाला. "पण ते हात हलवायला मी येणार नाही. शनिवारी दुपारी झोपेन."

"चांगला मिळाला तर बसवणारच आहे."

"बसव की. मी कुठे नाही म्हणतोय."

तो शनिवारी झोपला नसता. आठवडाभर त्याचे दोन फोन वाजत असतात. माल पोहोचला नाही, माल जास्त पोहोचला, मिरची तिखट नाही, मिरची फार तिखट. शनिवारी दुपारी तो मैदानाच्या मधोमध उभा असतो तेवढा वेळ फोन माझ्या पर्समध्ये असतात आणि मी ते उचलत नाही. हे मला माहीत होतं. पण खेळ खेळासाठी असतो, आरामासाठी हवं तर बीच आहे.

तिसरा मला खरोखर हवा होता. चिपळूणकडचा, ड्रॅगन मार्टजवळच्या गोदामात कामाला, तीस-बत्तीसचा. हा शारजाच्या क्रिकेट स्पर्धांमधला फास्ट बोलर. त्याला तिथून काढलं होतं, कारण बोलिंग करताना कोपर वाकवून तो बॉल सरळ फेकायचा. क्रिकेटमध्ये ह्याला फेकी म्हणतात आणि घरी पाठवतात. बेसबॉलमध्ये बॉल फेकायचाच असतो. मैदानावर त्याने पहिला बॉल टाकला आणि आमच्या वेल्डरने ग्लोव्ह काढून हात झटकला. "वहिनी, ह्याला सोडू नका," तो म्हणाला. "माझा हात गेला तरी चालेल."

पोह्यांना तो अगदी वेळेवर आला, बूट बाहेर काढले, तीन ताटल्या खाल्ल्या. नवऱ्याला म्हणाला, "दादा, पोहे एक नंबर." मग दोघं बाल्कनीत गेले आणि नवरा त्याला बॉल कसा धरायचा ते दाखवायला लागला. मी दारातून बघत होते. ज्याला आपली जागा द्यायची त्याला हा माणूस शिकवत होता, मन लावून.

"मग येतोस ना आमच्याकडे?" मी विचारलं.

"इन्शाल्ला, वहिनी."

इतकी वर्षं इथे काढल्यावर इन्शाल्ला कुठल्या सुरात आली ते ओळखता येतं. ही नाही म्हणायची लाज वाटते तेव्हाची होती. त्याच्या खोलीतला एक जण दुसऱ्या टीममध्ये होता आणि त्यांच्याकडे येण्याजाण्याला गाडी होती. आमच्याकडे त्याला बस बदलून यावं लागलं असतं. गाडीची सोय मी करू शकले असते. मला ते सुचेपर्यंत त्याची सही झाली होती.

"गेला?" नवऱ्याने विचारलं.

"गेला."

"चांगला मुलगा होता," तो म्हणाला, आणि शिट्टी वाजवत गाडी धुवायला गेला. आमच्याकडे गाडी धुवायला माणूस येतो.

सीझन सुरू झाला. चिपळूणकराचा बॉल वाऱ्यासारखा जायचा, कुठे जायचा ते मात्र नक्की नसायचं. पण त्याची खरी अडचण वेगळीच निघाली. क्रिकेटमध्ये प्रत्येक फास्ट बोलर बॉल पँटवर घासतो, एक बाजू चकचकीत ठेवायला. लहानपणापासूनची ती सवय. बेसबॉलमध्ये पिचरने बॉल कपड्याला घासणं हा गुन्हा आहे. आमच्या लीगने सगळ्यांचा विचार करून शिक्षा सौम्य ठेवली होती: घासला की एक वाईट बॉल, म्हणजे बॅटरच्या टप्प्याबाहेरचा, टाकला असं धरायचं. असे चार वाईट बॉल झाले की समोरच्या बॅटरला पहिला बेस फुकट. पहिल्या सामन्यात ह्याने इतकी पँट घासली की समोरच्या टीमला बॅट उचलावीच लागली नाही. त्याच्या कॅप्टनने मग त्याच्या उजव्या मांडीवर लाल चिकटपट्टी लावली. हात तिकडे गेला की पट्टी दिसायची आणि तो दचकून हात मागे घ्यायचा. मग त्याचं जमलं. जानेवारीपर्यंत लोक त्याला घाबरायला लागले होते.

आमचं रडतखडत चाललं होतं. नवरा सावकाश टाकत होता, लोक मारत होते, आमचीही मुलं मारत होती. शेवटच्या सामन्यापर्यंत अशी वेळ आली की जिंकलो तर वरच्या गटात राहू, हरलो तर खाली. आणि समोर चिपळूणकराची टीम.

मी घरी स्वच्छ सांगितलं. "खालच्या गटात गेलो तर पुढच्या वर्षी जो पहिला मिळेल तो घेणार. पोहेबिहे काही नाही."

नवरा म्हणाला, "बरोबर आहे." त्याने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

सामन्याच्या दिवशी त्याने बरं टाकलं. फार चांगलं नाही, बरं. झालं असं की समोरच्यांची सगळी प्रॅक्टिस चिपळूणकराच्या बॉलवर झाली होती. बॉल येण्याआधीच त्यांच्या बॅट फिरून जायच्या आणि नवऱ्याचा बॉल मागून निवांत पोहोचायचा. त्यांच्या एका बॅटरने हवेत इतकी जोरात बॅट मारली की तो स्वतः बसला. आमच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "भाई, आराम से, बॉल अभी रस्ते में है."

शेवटच्या डावात दोघांचे रन सारखे. बॅट आमच्याकडे, आमचे दोन आउट, तिसरा झाला की डाव संपला, तिन्ही बेसवर आमची माणसं उभी. एक रन आला की सामना आमचा. पाळी नवऱ्याची.

साइट इंजिनियर माझ्याजवळ आला. "वहिनी, दादांना बदला. बाकावरच्या पोराला पाठवा, तो बॅट चांगली मारतो."

तो बरोबर बोलत होता. नवऱ्याच्या बॅटला सबंध सामन्यात बॉल लागला नव्हता. तो हेल्मेट घालून माझ्याकडे बघत उभा होता. पण बेसबॉलमध्ये ज्याला बाहेर काढलं तो परत आत येऊ शकत नाही. पोराने रन काढला नाही तर आणखी डाव खेळावा लागणार आणि तेव्हा बॉल टाकायला माझ्याकडे कुणीच नव्हतं. सप्टेंबरात तिघांना बोलावून एकही हाती लागला नव्हता, म्हणून नवरा राहिला. दुसरं कारण नव्हतं.

"जा," मी म्हटलं. "आणि बॅट फिरवायची नाही. अजिबात नाही."

"आणि बॉल मधोमध आला तर?"

"तरी नाही. तुमच्या बॅटला तो लागणार नाहीये."

तो गेला आणि खांबासारखा उभा राहिला. पहिला बॉल त्याच्या कानाजवळून गेला, वाईट. दुसरा मधोमध. तिसरा बाहेर. चौथा मधोमध. पाचवा वेल्डरच्या भाषेत सांगायचं तर ओमानला गेला. आता तिसरा चांगला आला तर नवरा आउट, चौथा वाईट आला तर त्याला फुकट बेस, सगळे एकेक पुढे आणि तिसऱ्या बेसवरचा घरी, म्हणजे रन. नवऱ्याच्या खांद्यांकडे बघूनच मला कळत होतं, त्याला बॅट फिरवायची होती. हात शिवशिवत होते.

चिपळूणकराने बॉल हातात घेतला. घाम पुसला. कॅचरकडे बघितलं. बॉलसकट हात उजव्या मांडीकडे गेला, लाल पट्टी दिसली, हात थांबला. त्याने मान हलवली, श्वास घेतला, आणि तोच हात पुढून पलीकडे नेऊन बॉल शांतपणे डाव्या मांडीवर घासला.

तिकडे पट्टी नव्हती.

अंपायरने हात वर केला. त्यांचा कॅप्टन दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसला. नवऱ्याला काय झालं ते कळलंच नाही. तो अजून बॅट धरून बॉलची वाट बघत होता. पाठीमागून वेल्डर ओरडला, "दादा, खलास, चला, चालत जा." तो पहिल्या बेसकडे चालायला लागला आणि तिसऱ्या बेसवरचा आमचा माणूस घरी येऊन पोहोचला.

म्हणजे सामना आम्ही जिंकला आणि माझ्या नवऱ्याने त्यासाठी काहीही केलं नाही. हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं.

चिपळूणकर हात मिळवायला आला. "वहिनी, सवय काय जात नाही बघा," तो म्हणाला. नवऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, डाव्या हाताने. उजवा बॉल टाकून टाकून वर जात नव्हता.

गाडी मी चालवली. मुलगी मागे होती, ती म्हणाली, "पप्पा, यू वर सो गुड ॲट डुइंग नथिंग." शारजाकडच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही मुंगीच्या पावलाने चाललो होतो. नवऱ्याला सीट बेल्ट ओढता येईना, तो मी ओढून लावला.

"मग पुढच्या वर्षी?" त्याने विचारलं.

"वरच्या गटात राहिलोय. शब्द दिला होता."

"म्हणजे मी टाकणार."

"आधी फिजिओकडे जायचं. सोमवारी."

"सोमवारी शारजाची डिलिव्हरी..."

"डिलिव्हरी मी करते."

तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याचे दोन्ही फोन माझ्या पर्समध्ये वाजत होते. त्याने मागितले नाहीत आणि मी दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लीगच्या सेक्रेटरींना मेसेज पाठवला: पुढच्या सीझनला आमचा पिचर तोच. त्याखाली लगेच दुसरा: आणखी एक बघतोय, कुणी मोकळा असेल तर कळवा. आमच्याकडे येण्याजाण्याला गाडी आहे.